तीन गोळ्या की चार? साक्ष मोजावी की तोलावी

दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता आपल्या शाळांत दोन मिनिटे मौन पाळले जाते. मौन संपले की मुले प्रश्न विचारतात. अलीकडे त्यांतला एक प्रश्न वारंवार येतो : "सर, गांधीजींना गोळ्या तीन लागल्या की चार?" हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव किंवा औंढा तालुक्यातील लहान गावातही आता हा प्रश्न मोबाइलवरून पोहोचतो. चार गोळ्या असतील तर दुसरा मारेकरी असला पाहिजे, आणि तो कोण हे दडवले गेले, असे त्यात सूचित केलेले असते.

या प्रश्नाला "पुस्तकात तीन लिहिले आहे" एवढे उत्तर पुरेसे नाही. पुस्तकात तीन का लिहिले, ते कशावरून ठरले, हे सांगता आले तर विज्ञानाच्या पद्धतीचा एक उत्तम धडा होतो. घडून गेलेली घटना पुन्हा घडवून पाहता येत नाही. मागे उरतात ती माणसांची स्मरणे आणि वस्तूंवरील खुणा. या दोहोंचे वजन कसे करायचे ते या निमित्ताने पाहू.

घटना

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात गांधीजींची सरदार पटेलांशी चर्चा चालू होती. त्यामुळे प्रार्थनेला निघायला काही मिनिटे उशीर झाला. मनू आणि आभा यांच्या खांद्यांवर हात ठेवून ते हिरवळीवरून चालले होते. सायंकाळी ५ वाजून १७ मिनिटांच्या सुमारास पुण्याच्या एका मराठी दैनिकाचा संपादक नथुराम गोडसे गर्दीतून पुढे आला. मनूला त्याने बाजूला ढकलले आणि अगदी जवळून पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. तो जागीच पकडला गेला. पिस्तूल इटालियन बनावटीचे, बेरेटा कंपनीचे, १९३४ च्या नमुन्याचे होते व त्यावर ६०६८२४ हा क्रमांक होता.

लाल किल्ल्यात न्यायाधीश आत्माचरण यांच्यासमोर खटला चालला. सरकार पक्षाने १४९ साक्षीदार तपासले. १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला आणि २१ जून १९४९ रोजी पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने अपिलांचा निर्णय दिला.

दोन, तीन आणि चार

आता एक साधा प्रश्न घेऊ. गोळ्या किती झाडल्या गेल्या? तेथे हजर असलेल्या तीन माणसांची उत्तरे पाहा.

पहिला माणूस नंदलाल मेहता. ते घटनेच्या वेळी जवळ होते. तुघलक रोड ठाण्यात नोंदवलेली पहिली फिर्याद त्यांचीच. तीत दोन-तीन फुटांवरून तीन गोळ्या झाडल्या, असे आहे.

दुसरा माणूस अमेरिकी पत्रकार व्हिन्सेंट शीन. ते प्रार्थनेसाठी आले होते आणि काही अंतरावर उभे होते. त्यांना गोळीबार दिसला नाही, फक्त ऐकू आला. त्यांनी नंतर लिहिलेल्या आठवणीत आवाज चार आहेत.

तिसरा माणूस म्हणजे खुद्द मारेकरी. आपण दोन गोळ्या झाडल्या असे आपल्याला वाटत होते, तीन झाडल्याचे मागाहून कळले, असे गोडसे याने न्यायालयातील निवेदनात सांगितले. गुन्हा तो नाकारत नव्हता. दोन आणि तीन यांत त्याचा कसलाही फायदा नव्हता. तरीही ज्याच्या बोटाने चाप ओढला त्यालाच संख्या नीट आठवत नव्हती.

या तिघांपैकी कोणालाही खोटे बोलण्याचे कारण दिसत नाही, आणि उत्तरे मात्र तीन. साक्षीदार एक तर खरा असतो नाही तर खोटारडा, अशी आपली समजूत असते. प्रामाणिक आणि तरीही चुकलेला अशी तिसरी जात आपण विसरतो, आणि व्यवहारात तीच सर्वांत जास्त आढळते.

एकच साक्ष एका बाबतीत बरोबर आणि दुसऱ्या बाबतीत चुकीची असू शकते, हेही येथे दिसते. मेहतांच्या फिर्यादीत गोळ्यांची संख्या तीन आहे, पण आरोपीचे नाव 'नारायण विनायक' असे नोंदले गेले आहे. गोळ्या त्यांच्यासमोर झाडल्या गेल्या, नाव मात्र गोंधळात कोणाकडून तरी कानावर आले. म्हणून साक्ष तोलताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा : यातले साक्षीदाराने स्वतः पाहिलेले किती आणि ऐकीव किती?

स्मरण म्हणजे छायाचित्र नव्हे

विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी बर्लिनमध्ये फ्रान्झ फॉन लिस्ट या कायद्याच्या प्राध्यापकाने वर्गात एक बनावट प्रसंग घडवला. दोन विद्यार्थी भांडू लागले, एकाने पिस्तूल काढले आणि बार उडाला. मग वर्गाला सांगितले की हे ठरवून केले होते, आता पाहिले ते लिहा. सर्वांत चांगल्या उत्तरातही शेकडा २६ तपशील चुकीचे होते, तर सर्वांत वाईट उत्तरात शेकडा ८०. काही जणांनी न उच्चारलेली वाक्येही भांडणाऱ्यांच्या तोंडी घातली होती.

१९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली आणि गाड्यांचा वेग विचारला. "गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता?" असे विचारल्यावर सरासरी उत्तर ताशी सुमारे ६६ किलोमीटर आले. "एकमेकींना लागल्या तेव्हा" असे विचारल्यावर ते सुमारे ५१ वर उतरले. चित्रफीत तीच, बदलले फक्त क्रियापद. स्मरण हे कपाटातून काढून दाखवायचे छायाचित्र नसून दर वेळी नव्याने रचले जाणारे चित्र आहे. प्रश्नातला शब्द, दुसऱ्याचे बोलणे, वर्तमानपत्रातली बातमी हे सारे त्या चित्रात नकळत मिसळते.

आवाजाच्या बाबतीत यात भौतिकशास्त्राची भर पडते. आवाज आणि त्याचा प्रतिध्वनी यांत सुमारे एक दशांश सेकंदाचे अंतर असेल तर कान ते दोन आवाज म्हणून ओळखतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर समोरची भिंत १७ मीटर किंवा अधिक दूर असली की हे घडते. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी असेल तर आणखी एक आवाज वाढतो : बंदुकीच्या तोंडाशी होणारा बार निराळा आणि हवा कापत जाणाऱ्या गोळीचा फटकारा निराळा. बेरेटा पिस्तुलाची आखूड ९ मिलिमीटर गोळी ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाने जाते, त्यामुळे येथे हा फटकारा नव्हता. पण घाईत एकामागून एक झालेले बार, गर्दी आणि आजूबाजूच्या भिंती एवढ्यानेही संख्या चुकू शकते. शीन यांच्या कानात चौथा आवाज नेमका कोठून आला हे आज ठरवता येणार नाही. पण केवळ आवाज मोजून गोळ्यांची संख्या ठरवू नये, एवढे निश्चित म्हणता येते.

मुक्या वस्तूंची साक्ष

आता वस्तूंकडे वळू. येथे तीन गोष्टी आहेत : जखमा, पिस्तूल आणि गोळ्या.

गांधीजींच्या देहाचे शवविच्छेदन झाले नाही, पण डॉक्टरांनी बाहेरून तपासणी केली. गोळ्या शरीरात शिरल्याच्या जखमा तीन होत्या. दोन गोळ्या पाठीतून बाहेर पडल्या आणि एक शरीरात राहिली. म्हणजे शिरण्याच्या तीन आणि बाहेर पडण्याच्या दोन अशा मिळून पाच जखमा. नुसती भोके मोजणाऱ्याची येथे फसगत होईल. कपड्यावरची भोके तर आणखी फसवी. शाल दुमडलेली असेल तर एकाच गोळीने तिला दोन, तीन किंवा अधिक भोके पडतात. कागदाची चार पदरी घडी करून एकदा टोचा आणि उलगडून पाहा.

पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये सात काडतुसे मावतात. जप्त झाले तेव्हा चार शिल्लक होती. सात वजा चार म्हणजे तीन. हिशेब सुरेख जुळतो, पण चिकित्सक वाचकाने येथेही थांबले पाहिजे. अशा पिस्तुलात एक काडतूस नळीत चढवून मॅगझिन पुन्हा पूर्ण भरता येते, म्हणजे आठही असू शकतात. तेव्हा ही वजाबाकी एकटी निर्णायक नाही. शरीरावरील जखमा स्वतंत्रपणे तीनच दाखवतात म्हणून तिला वजन येते.

तिसरी गोष्ट गोळ्यांची. पिस्तुलाच्या नळीच्या आत मळसूत्रासारख्या खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहून सरळ जाते. नळी कातताना हत्याराच्या धारेचे बारीक ओरखडे आत राहतात आणि पुढे वापराने त्यांत भर पडते. नळीतून घासत जाणाऱ्या गोळीवर हे सारे उमटते. मागे पडणाऱ्या रिकाम्या पुंगळीवरही आघाताच्या खिळ्याची, पाठीमागच्या पोलादी भागाची आणि पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याची खूण राहते. तपासनीस त्याच पिस्तुलातून चाचणीसाठी गोळी झाडतो आणि दोन्ही गोळ्या तुलनासूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवतो. एकाच दृष्टिक्षेत्रात अर्धी ही आणि अर्धी ती गोळी दिसते. रेषा एकीवरून दुसरीवर सलग जातात का हे पाहायचे. हे साधन १९२० च्या दशकात अमेरिकेत कॅल्व्हिन गोडार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुन्हेतपासात रूढ केले.

गांधीहत्येच्या खटल्यात हे काम फिल्लौर येथील पोलीस प्रयोगशाळेचे संचालक डॉ. गोयल यांनी केले. जागेवर मिळालेल्या गोळ्या व पुंगळ्या जप्त केलेल्या बेरेटा पिस्तुलातूनच सुटल्या होत्या, असे त्यांचे मत न्यायालयापुढे आले. यांतली एक गोळी आज दिल्लीच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात पाहायला मिळते.

चौथ्या गोळीचा दावा

मुंबईचे डॉ. पंकज फडणीस यांनी या हत्येचा फेरतपास व्हावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्यांचा मुद्दा असा : घटनेनंतरच्या काही बातम्यांत चार गोळ्यांचा उल्लेख आहे. पिस्तुलातून तीनच सुटल्या, हे शिल्लक काडतुसांवरून दिसते. म्हणून चौथी दुसऱ्या कोणाच्या तरी शस्त्रातून आली असली पाहिजे.

या युक्तिवादाची रचना नीट पाहा. 'जर गोळ्या चार लागल्या असतील, तर दुसरे शस्त्र होते' हे वाक्य तर्काला धरून आहे. पण 'जर' नंतरचा भाग सिद्ध झाल्याशिवाय 'तर' नंतरच्या भागाला काही किंमत नाही. त्या भागाला आधार कशाचा? गर्दीतल्या लोकांनी ऐकलेल्या आवाजांचा आणि त्यांवरून घाईघाईने लिहिलेल्या बातम्यांचा. दहा वर्तमानपत्रांनी चार म्हटले म्हणून दहा स्वतंत्र पुरावे होत नाहीत. सगळ्यांनी एकाच वृत्तसंस्थेची तार छापली असेल तर तो पुरावा एकच.

दुसऱ्या पारड्यात जखमा, शिल्लक काडतुसे आणि गोळ्यांवरील खुणा आहेत. तिन्ही वाटा वेगळ्या, तपासणारी माणसे वेगळी, आणि तिन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात. शिवाय दुसरा बार काढणारा माणूस, दुसरे शस्त्र, दुसऱ्या जातीची गोळी किंवा पुंगळी यांपैकी काहीच सापडले नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायालयाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायालयाचे साहाय्यक म्हणून नेमले. त्यांनी मूळ कागदपत्रे पाहिली आणि गोळ्या, पिस्तूल व मारेकरी यांची ओळख आधीच नीट पटलेली आहे, फेरतपासाला आधार नाही, असा अहवाल दिला. २८ मार्च २०१८ रोजी अर्ज फेटाळला गेला.

यंत्रही चुकते

म्हणजे माणूस चुकतो आणि यंत्र खरे बोलते, असा निष्कर्ष कोणी काढील. तोही घाईचा ठरेल. योगायोग असा की अमेरिकेतही एक 'चौथी गोळी' आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे अध्यक्ष केनेडींची हत्या झाली. बहुतेक साक्षीदारांनी तीन बार ऐकले होते. पोलिसांच्या बिनतारी संदेशांच्या ध्वनिमुद्रणाचे विश्लेषण करून १९७९ साली तेथील प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने बार चार झाले आणि दुसरा बंदूकवाला असण्याचा संभव मोठा आहे, असे म्हटले. या खेपेला चौथी गोळी कानाने नव्हे, यंत्राने ऐकली होती. १९८२ साली राष्ट्रीय विज्ञान अकादमीने भौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन रॅम्झी यांच्या अध्यक्षतेखाली फेरतपासणी केली. त्याच मुद्रणात मागे हळू आवाजात ऐकू येणाऱ्या एका आज्ञेची वेळ ठाऊक होती. तिच्यावरून दिसले की ज्यांना बार समजले गेले ते ध्वनी गोळीबारानंतर सुमारे एका मिनिटाने नोंदले गेले होते.

गोळीवरील ओरखड्यांच्या तुलनेचेही असेच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००९ साली या शाखेवर परखड टीका केली. किती रेषा जुळल्या म्हणजे 'जुळले' म्हणायचे याचा नेमका निकष नाही, निर्णय बराचसा तपासनिसाच्या अनुभवावर अवलंबून राहतो, असे तिचे म्हणणे. म्हणून तज्ज्ञाचे मतही मतच असते. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्याने त्याला तेच नाव दिले होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानेही ते बदललेले नाही.

कोणत्या प्रश्नाला कोणता पुरावा?

पुरावा तोलताना दुसरा महत्त्वाचा प्रश्न असा : हा पुरावा नेमक्या कशाचे उत्तर देऊ शकतो? गोळीवरील खुणा 'कोणते पिस्तूल' हे सांगतात. 'कोणाचा हात' हे त्या सांगत नाहीत. ते पाहणाऱ्यांनी सांगायचे असते. येथे मारेकरी जागीच धरला गेला होता आणि त्याने कबुलीही दिली होती, म्हणून ते सोपे होते. नारायण आपटे आणि विष्णु करकरे मात्र गर्दीतून निघून गेले होते. ते दिल्लीत होते हे ठरवायला हॉटेलातील आणि रेल्वे स्थानकावरील कर्मचाऱ्यांच्या साक्षी लागल्या, ओळखपरेड लागली.

'पिस्तूल कोणी दिले?' हा आणखी वेगळा प्रश्न. ग्वाल्हेरचे डॉ. परचुरे यांना खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली, तर उच्च न्यायालयाने त्यांना सोडले. पिस्तूल तेच होते, खुणा त्याच होत्या, पण ते कोणाच्या हातून आले हे खुणांत लिहिलेले नसते. कटात आणखी कोण होते, यासाठी सरकारची भिस्त माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्यावर होती. न्यायाधीशांना त्याची साक्ष विश्वसनीय वाटली. तरीही गुन्ह्यातल्या भागीदाराच्या शब्दाला स्वतंत्र दुजोरा हवा, हा नियम त्यांनी सोडला नाही. विनायक दामोदर सावरकर यांच्याबाबत असा दुजोरा मिळाला नाही म्हणून ते निर्दोष सुटले. निकाल कोणाला आवडो वा न आवडो, त्यामागची पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

वर्गात करून पाहा

१. मुलांना मैदानात पाठमोरे उभे करा. शाळेच्या भिंतीपासून वीस-पंचवीस मीटरवर दोन लाकडी फळ्या झपाट्याने तीनदा आपटा. न बोलता प्रत्येकाने आकडा लिहायचा. मग दुसऱ्या गटाला "चार आवाज कोणकोणत्या अंतराने झाले?" असे विचारा. 'चार' या शब्दाचा परिणाम किती जणांवर होतो ते फळ्यावर मांडा.

२. कपड्याच्या साबणाच्या वडीवर चार वेगवेगळ्या पेचकसांच्या धारेने ओरखडे काढा. मुलांनी भिंगातून पाहून कोणता ओरखडा कोणत्या पेचकसाचा हे जुळवायचे. दोन मुलांची उत्तरे जुळत नसतील तर दोघांनी कारणे सांगायची.

३. गावातली एखादी सर्वांना ठाऊक असलेली घटना घ्या. पाच जणांकडून ती ऐका आणि प्रत्येक वाक्यापुढे 'पाहिले', 'ऐकले' किंवा 'अंदाज' असे लिहा.

पुरावा वेळेवर तोलला तर

हे सारे केवळ जुन्या खटल्याचे कुतूहल नाही. २० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे हत्येच्या दहा दिवस आधी, बिर्ला भवनातच मदनलाल पाहवा याने स्फोट घडवला आणि तो पकडला गेला. पुण्याच्या एका मराठी वृत्तपत्राच्या संपादकाकडे बोट दाखवणारी माहिती त्याच्याकडून मिळाली. दिल्लीच्या मरीना हॉटेलात धुण्यासाठी दिलेल्या कपड्यांवर 'एन. व्ही. जी.' ही अक्षरे होती. मुंबईच्या रुइया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मदनलालकडून आपण काय ऐकले होते ते मंत्र्यांना जाऊन सांगितले. एक ऐकीव साक्ष, एक अटकेतल्या माणसाचे बोलणे आणि कपड्यावरची एक मुकी खूण. एकेकटी पाहिली तर तिन्ही हलकी, पण एकत्र ठेवली असती तर पारडे खाली गेले असते. पुढे नेमलेल्या कपूर आयोगाने १९६९ च्या अहवालात तपासातील ढिलाईवर कडक ताशेरे ओढले.

पुरावा तोलणे हे गुन्हा घडल्यावर न्यायाधीशाने करायचे काम आहे, असे आपण समजतो. वेळेवर केले तर ते प्राण वाचवणारे काम असते. मोबाइलवर आलेल्या 'चौथ्या गोळी'च्या गोष्टीवर आज पटकन विश्वास ठेवणाऱ्या मुलाला "हे कोणी पाहिले? कोणी ऐकले? याला वेगळा आधार कोणता?" असे विचारायची सवय लावता आली, तर ३० जानेवारीचे मौन संपल्यानंतरचा तास सार्थकी लागेल.